योग्य बैठक

डॉ. शार्दूल सरनोबत समोरच्या खुर्चीत बसला तेव्हा शर्वरीच्या पडद्यावर नाडीच्या दोन रेघा धावू लागल्या. त्यांतली एक चवताळलेली होती. ती त्याची नव्हती, शर्वरीची होती.

यंत्राने ती वजा केली. दारू सोडणाऱ्यांसाठीच्या या जुळणी केंद्रातल्या प्रत्येक समुपदेशकाच्या मनगटाला पट्टी असते. समोरचा माणूस स्वतःच्या आठवणीने घाबरला की समुपदेशकाच्या चेहऱ्याने, हे कळायचं तर मोजणाऱ्यालाही मोजावं लागतं. यंत्र दोन्ही रेघा घेतं, एकीतून दुसरीचा प्रभाव काढून टाकतं आणि उरतं ते समोरच्याचं. त्या दिवशी शर्वरीचं जे काही होतं ते असंच बाजूला काढून टाकलं गेलं.

"पट्टणशेट्टी मॅडम ना?" त्याने टेबलावरची पाटी वाचली. "मला बैठक हवी आहे. दोन ठिकाणी जाऊन आलो. जमलं नाही."

पट्टणशेट्टी हे तिचं माहेरचं नाव. सासरचं नाव आवटी. ते पाटीवर असतं तर तो बसला नसता.

रेवा आवटी नऊ वर्षांची होती. भाऊबिजेच्या दुपारी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन ठरलं. मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात भूल द्यायला सरनोबत आला तो बहिणीकडचं जेवण आणि जेवणाआधीची दारू पोटात घेऊन. श्वासनलिकेत घालायची नळी त्याने अन्ननलिकेत घातली. अशी चूक शुद्धीतल्या माणसाकडूनही होते, पण शुद्धीतला माणूस ती लगेच ओळखतो. यंत्र ओरडू लागलं. यंत्रच बिघडलंय असं समजून त्याने त्याचा आवाज बंद केला. रेवा शुद्धीवर आलीच नाही.

त्याच्या तोंडाला वास येत होता, हे एका नर्सने व्हरांड्यात शर्वरीला सांगितलं आणि चौकशी समितीपुढे नाकारलं. रक्ताची तपासणी दुसऱ्या दिवशी झाली. समितीने लिहिलं, 'अनपेक्षित गुंतागुंत.' सरनोबतने सगळी साक्ष व्हिडिओवरून दिली. आईवडिलांच्या बाकाकडे कॅमेरा वळलाच नाही. ऑपरेशनच्या आधी संमतीची सही मंदारने, तिच्या नवऱ्याने, केली होती आणि शर्वरी खाली औषधं आणायला गेली होती. तिचा चेहरा सरनोबतने कधी पाहिलाच नव्हता. त्याचा चेहरा ती रोज पाहत होती.

त्याच महिन्यात मंदार प्यायला लागला.

"मनगट द्या," शर्वरी म्हणाली आणि तिने त्याला पट्टी लावली.

*

पूर्वी दारू सोडणाऱ्याने बैठक शोधायची म्हणजे घराजवळची बघायची, किंवा मुद्दाम घरापासून लांबची, जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही. कुणी नोकरीच्या वेळा बघायचं, कुणी बसचा मार्ग. काही जण टिकायचे, बरेच जण दोन रविवारांनंतर दिसायचे नाहीत. न टिकणाऱ्याची इच्छाशक्ती कमी पडली असं सगळे म्हणायचे.

मग काही संशोधकांनी बैठकीत बसलेल्यांच्या नाड्या मोजल्या. एक माणूस मनापासून बोलत असताना ऐकणाऱ्यांच्या हृदयाची लय हळूहळू त्याच्या लयीत येते, हे आधीपासून माहीत होतं. नवं हे कळलं, की ती सगळ्यांची येत नाही. काहींची येते, काहींची जागची हलत नाही, काहींची उलट बिथरते. ज्याची लय बैठकीशी जुळते त्याची दारूची ओढ पुढचे काही दिवस निम्म्याहून खाली जाते. ज्याची बिथरते त्याची वाढते. म्हणजे चुकीची बैठक ही नुसती निरुपयोगी नसते. ती माणसाला गुत्त्याच्या दारापर्यंत सोडून येते.

मिरजेत हे समजावून सांगणं सोपं गेलं. सतारीला वाजवायच्या तारांखाली बारीक तारा असतात, तरफेच्या. त्यांना कुणी हात लावत नाही. वरचा सूर नेमका लागला की त्या आपोआप बोलतात, आणि कणभर हुकला तर मुक्या राहतात. केंद्राने आपल्या यंत्राचं नाव 'तरफ' ठेवलं.

तरफ असं काम करतं: प्रत्येक बैठकीतल्या एका सदस्याने तीन मिनिटं काहीतरी साधं सांगितलेलं असतं. गुपित नाही, दुःख नाही. पतंग कसा बांधायचा, सायकलचं पंक्चर कसं काढायचं. नव्या माणसाला हे आवाज ऐकवायचे आणि त्याची रेघ बघायची. शब्दांत काही नसतं. जे असतं ते श्वास कुठे घेतला, कुठे थांबला, यात असतं.

सरनोबतला अकरा आवाज ऐकवून झाले. कुठे तीस, कुठे चाळीस टक्के. तो कंटाळलेला दिसत होता.

बाराव्या आवाजावर शर्वरीचा हात थबकला. पण यंत्र क्रमाने जातं, ते तिच्यासाठी थांबलं नाही.

"पंधरा माणसांचा चहा करायचा असेल तर," मंदारचा आवाज म्हणाला, "आधी आलं ठेचायचं. किसायचं नाही. किसलं की कडू होतं, असं... असं आमच्याकडे म्हणायचे. पाणी उकळलं की आलं टाकायचं, आणि मग थांबायचं."

आलं किसू नको, कडू होतं, हे रेवाचं मत होतं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून ती बापाला हुकूम सोडायची.

सरनोबतने डोळे मिटले होते. पडद्यावर त्याची रेघ खाली उतरली, लांब झाली आणि मंदारच्या श्वासाबरोबर चालायला लागली. एक्क्याण्णव टक्के. केंद्रात कुणी आजवर पंच्याऐंशीच्या वर पाहिलं नव्हतं.

"हा माणूस कोण आहे?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"नाव सांगता येत नाही."

"मला यांच्याच बैठकीत घाला, मॅडम. चहाचं सांगत होते फक्त, पण... किती दिवसांनी मला श्वास घेता आला."

बैठकीत आपलं नात्याचं माणूस असेल तर समुपदेशकाने ते प्रकरण दुसऱ्याकडे सोपवायचं, असा नियम आहे. पलीकडच्या टेबलावर संपदा मोकळी बसली होती. शर्वरीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तिथे जागा नाही," ती म्हणाली, आणि यादीच्या तळाला गेली. सगळ्यात खाली सांगलीतली एक बैठक होती. नऊ टक्के. "इथे जा. शनिवारी. खूप छान माणसं आहेत."

*

छान माणसं होती, हे खोटं नव्हतं. सांगलीची ती बैठक हसरी म्हणून प्रसिद्ध होती. तिथे प्रत्येक जण आपल्या पिण्याच्या दिवसांचा एखादा फजितीचा किस्सा सांगायचा आणि सगळे मांडीवर थाप मारून हसायचे. ज्यांचं ओझं हसण्याने उतरतं त्यांच्यासाठी ती रामबाण होती.

शर्वरी घरी बसून सरनोबतची रेघ बघायची. समुपदेशकाला ती मुभा असते, महिनाभर. पहिल्या शनिवारी रेघ बिथरली. दुसऱ्या शनिवारी त्याने तोंड उघडलं असावं, कारण रेघ उंच गेली आणि मग कुणीतरी विनोद केला असावा, कारण ती तिथून कोसळली. त्यानंतर तो गेला नाही. पट्टी घामातलं मद्यही ओळखते. पुढच्या बुधवारी ओळखलं.

मंदार पलीकडे लसूण सोलत होता. "कसला खेळ बघतीयस?" त्याने विचारलं.

"काम आहे."

"कामाकडं बघून कुणी असं हसत नाही, शर्वरी."

तिने पडदा बंद केला. ती हसत होती हे तिला माहीत नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात सरनोबत भर दुपारी केंद्रात आला. संपदाने त्याला दारातच थोपवायचा प्रयत्न केला, पण तो तिला नमस्कार करून सरळ शर्वरीच्या टेबलाशी आला. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. चेहरा मात्र पंचवीस वर्षांच्या पोरासारखा मोकळा होता. शर्वरीने इतकी वर्षं या चेहऱ्याची सगळी रूपं मनात रंगवली होती. तुरुंगातलं, आजारातलं, भिकेला लागलेलं. हे रूप तिने कधी रंगवलं नव्हतं.

"पट्टणशेट्टी मॅडम! तुमचे आभार मानायला आलो."

"तुम्ही प्यायलेले आहात."

"प्यायलोय ना! छान प्यायलोय." तो खुर्चीत बसला. "मी उगाच बैठका शोधत फिरत होतो. सांगलीचे लोक बेस्ट. त्यांनी विचारलं, डॉक्टर, प्यायल्यावर कधी भलत्याच माणसाला भूल दिली का? आणि सगळे हसले. मीही हसलो. मग घरी जाऊन बाटली उघडली." तो पुढे झुकला आणि लहान मुलाला गुपित सांगावं तसा म्हणाला, "एक मुलगी दिसते मला. पीत नाही ना, तेव्हा. ओठ निळे. प्यायलो की दिसत नाही. इतकं सोपं आहे, मॅडम, आणि मी तीन महिने सोडून बसलो होतो. वेडा!"

तो खरोखर हसत होता. पडद्यावर त्याची रेघ गाढ झोपलेल्या माणसासारखी सपाट होती.

शर्वरीची नव्हती. आपण काय केलंय ते तिला त्या क्षणी समजलं. तिने या माणसाला शिक्षा दिली नव्हती, सुट्टी दिली होती. रेवाचे निळे ओठ तिला रोज दिसत होते, मंदारला दिसत होते, आणि हा ते बाटलीत बुडवून दुपारी दोन वाजता हसत होता.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्या त्या चहावाल्यांच्या बैठकीत जागा झालीये."

*

ती बैठक दर रविवारी सकाळी आठला यासीनचाचांच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात भरते. चाचा स्वतः वीस वर्षांपूर्वीचे पिणारे. छताला वाळायला टांगलेले भोपळे, भिंतीला टेकून उभे केलेले तयार तंबोरे, आणि मधे चटया. तंबोरे सुरात लावलेले असल्यामुळे कुणी जोरात किंवा हुंदका देऊन बोललं की त्यातले एखाद-दोन आपोआप गुणगुणतात. त्यावरून तिथली रीत पडली आहे. एक जण बोलून झाला की तारा शांत होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग त्याच्या उजव्या हाताला बसलेल्याने एकच शब्द बोलायचा: "ऐकलं." टाळ्या नाहीत, उपदेश नाही, माफीही नाही. आणि नवा माणूस आला की त्याने चहा करणाऱ्याच्या डाव्या हाताला बसायचं.

चहा मंदार करत असे.

शर्वरीने संपदाला सांगितलं, या रविवारची ड्यूटी मी करते. मंदारला तिने काहीच सांगितलं नाही. त्याने दारू सोडून तीन वर्षं होत होती. तो पुन्हा प्यायला तर वाचणार नाही, यकृताच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर होतं. तरी तिने सरनोबतला पत्ता पाठवला होता आणि लिहिलं होतं, 'न पिता या.'

आठ वाजून गेले. पडद्यावर पंधरा रेघा होत्या. मग सोळावी आली.

मंदारची रेघ उभी झाली. सुरीने कापल्यासारखी सरळ वर. ती लाल झाली आणि केंद्रात घंटी वाजू लागली. अशी घंटी वाजली की समुपदेशकाने बैठकीच्या यजमानाला फोन करायचा आणि यजमानाने त्या माणसाला बाहेर न्यायचं. यासीनचाचांचा नंबर समोर होता. शर्वरीने फोन उचलला.

मग तिने फोन खाली ठेवला आणि घंटीचा आवाज बंद केला.

तो बंद झाल्यावर आपण नेमकं काय केलं हे तिच्या लक्षात आलं. पण तिने तो पुन्हा चालू केला नाही.

लाल रेघ उतरेना. मधेच ती तुटली, म्हणजे मंदार उठून गेला असावा, बैठकीच्या टप्प्याबाहेर. अंगणाच्या पलीकडे, रस्त्याच्या कोपऱ्यावर परमिट रूम होती. ती सकाळीही उघडी असते हे मिरजेतल्या प्रत्येक पिणाऱ्याला माहीत आहे. शर्वरी टेबलाची कड धरून बसली. पाच मिनिटं. कदाचित जास्त.

रेघ परत आली. लालच होती, पण चालत होती. आणि मग सोळावी रेघ बोलायला लागली.

बोलणं ऐकू येत नाही, फक्त रेघ दिसते. सोळावी वर गेली, अडखळली, पुन्हा वर गेली. तिच्यामागोमाग मंदारची. एक श्वास घेत होती तिथे दुसरी घेत होती. एक थांबत होती तिथे दुसरी थांबत होती. बाकी चौदा रेघा एकेक करून त्या दोघींच्या मागे लागल्या, आणि शेवटी सगळा पडदा एकाच लाटेसारखा हलायला लागला.

*

मंदार दुपारी घरी आला. चपला दारात काढल्या, पाय धुतले. शर्वरी जवळ गेली तेव्हा तो म्हणाला, "वास घे. नाही प्यायलो."

तिने मान खाली घातली.

"तूच पाठवलंस ना त्याला?"

"हो."

"मला विचारायला पाहिजे होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"नसतो म्हणालो. पण विचारायला पाहिजे होतंस." तो खुर्चीत बसला. "मी त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो होतो. आतला पोऱ्या म्हणाला, काय वो आवटीसाहेब, लई दिवसांनी. तेवढ्यात चाचा मागनं आले. हाताला धरलं नाही, काही नाही. म्हणाले, मंदारभाई, दूध उतू चाललंय बघा की. मी परत फिरलो. दूध खरंच उतू गेलं होतं."

"मग?"

"चहा केला. त्यालाही दिला. तो माझ्या डाव्या हाताला बसला. मला ओळखलं नव्हतं त्यानं, त्या दुपारी माझ्याकडं धड बघितलंच नव्हतं. सगळं सांगितलं. भाऊबीज, बहिणीकडचं जेवण, नळी, तो आवाज बंद केला ते. समितीपुढं जे नाही सांगितलं ते सगळं. मुलीचं नाव आठवत नाही म्हणाला. तंबोरे किती वेळ वाजत होते. थांबेचनात. आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या तोंडून 'ऐकलं' आल्याशिवाय बैठक पुढं सरकत नाही."

"तू काय म्हणालास?"

"म्हणालो, ऐकलं. मुलीचं नाव रेवा. मी तिचा बाप." तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "आणि म्हणालो, पुढच्या रविवारी पुन्हा सांग."

*

पावसाळा गेला. दिवाळी आली, भाऊबीज गेली. त्यानंतरच्या सोमवारी सरनोबत केंद्रात आला. इस्त्रीचा शर्ट, नीट लावलेली बटणं. बारीक झाला होता.

"बैठक बदलून हवी आहे, मॅडम."

शर्वरीने पडद्यावर पाहिलं. "शहाण्णव टक्के झालेत. घामात मद्य नाही. जुळणी ऐंशीच्या वर असेल तर बदली देता येत नाही, नियम आहे."

"तिथे त्या मुलीचे वडील आहेत."

"माहीत आहे."

"दर रविवारी मला तेच सांगायला लावतात. चिडत नाहीत, शिवी देत नाहीत. चहा देतात आणि म्हणतात, सांग. मागे एकदा मी घाईत सांगितलं तर म्हणाले, यंत्राचा आवाज बंद केलास ते राहिलं. काल भाऊबिजेचा दुसरा दिवस होता. दोनदा सांगायला लावलं."

"पिण्याची इच्छा होते?"

"होते ना. पण प्यायलो तर रविवारी नीट आठवणार नाही. आणि आठवलं नाही तर ते विचारतात." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "एक मिनिट. त्यांचं तुम्हाला कसं माहीत?"

"मी रेवाची आई."

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, आधी पाहायचं राहून गेलं होतं ते सगळं एकदम पाहावं तसा.

"मग तेव्हाच का नाही सोडून दिलंत मला?" तो म्हणाला. "मी पीतच होतो. वर्षभरात संपलो असतो."

"म्हणूनच."

यंत्राने हळू आवाजात एक सूचना दिली. शर्वरीने पडद्याकडे पाहिलं. तिची रेघ आणि त्याची रेघ एकमेकींवर अशा पडल्या होत्या, की पडद्यावर एकच दिसत होती. खाली लिहिलं होतं: 'समुपदेशकाची नाडी वजा करता येत नाही. दोन्ही रेघा वेगळ्या होत नाहीत.'

तिने मनगटावरची पट्टी ओरबाडून काढली आणि टेबलाच्या खणात टाकून खण लावला.

"रविवारी आठला," ती म्हणाली. "उशीर करू नका. चहा गार होतो."